काळ्या बाजूचं कुंकू

आमच्या घरी दसऱ्याला कामाच्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. ट्रॅक्टर, विळे, फवारणीचा पंप, माझी शिलाई मशीन. मिक्सरलाही मी टिळा लावते. नवरा हसतो. हसू दे बापडा. मिक्सर बिघडला की चटणीसाठी पहिली बोंब त्याचीच असते.

त्या वर्षी दसऱ्याच्याच दुपारी मुलीला कलकत्त्याची गाडी धरायची होती. बायकांच्या टेबल टेनिसची मोठी स्पर्धा, देशोदेशीच्या पोरी येणार, आणि त्यांच्यात आमची तिरोड्याची! पहिली मॅच जिंकली तर पुढच्या सराव शिबिरात तिचं नाव लागणार होतं, हरली तर नाही. बाकीच्या पोरी आदल्या दिवशीच निघाल्या होत्या. हिलाही जायचं होतं. मीच अडून बसले, "सणाच्या दिवशी घराबाहेर कोनी राहते का? पूजा होऊ दे, मंग जा." ती चिडली. "माय, तुले काही समजत नाही," म्हणाली. पण थांबली.

सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी तिच्या बॅगेतून बॅट काढली. विळ्याची पूजा करायची, पंपाची करायची, आणि जिच्यावर पोरीचं सगळं आहे ती बॅट तशीच ठेवायची? मला ते पटेना. बॅटची एक बाजू लाल असते, एक काळी. लाल बाजूवर कुंकू दिसलं नसतं, म्हणून मी ती उलटी केली आणि काळ्या बाजूला अंगठ्यानं चांगलं ठसठशीत ओलं हळदीकुंकू लावलं. त्या बाजूला बारीक रबरी दाणे होते, मक्याच्या कणसासारखे. तेवढ्यात न्हाणीचं दार वाजलं. मी घाईघाईनं पदरानं पुसलं. थोडं निघालं, बाकीचं दाण्यांच्या मधे आणखीच घट्ट जाऊन बसलं. बॅट कव्हरात घातली, चेन लावली आणि गप्प बसले. तिच्या बॅटला कोणी हात लावलेला तिला खपत नाही.

गोंदियाला तिला गाडीत बसवून परत येताना मी मागच्या सीटवरून नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बॅटची पूजा केली म्या."

त्यानं मोटरसायकल रस्त्याच्या कडेला थांबवली. "कुंकू कुठं लावलं?"

"काळ्या बाजूले."

"अवो, मॅचच्या आधी पंच बॅट तपासते! रबरावर असं काही दिसलं तं त्या बॅटनं खेळू देत नाही. आन् त्या काळ्या रबरावरच तं तिचा सारा खेळ आहे."

तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. लागेना. गाडी दरेकसाच्या डोंगरात शिरली असणार. पुन्हा लावला, पुन्हा लावला. फोनमधली बाई हिंदीत तेच ते सांगत राहिली. मी तिलाही दोन शिव्या घातल्या.

संध्याकाळी लागला. "हां माय, बोल." मागून चहावाल्याची आरोळी ऐकू येत होती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

"जेवली."

"बरं," म्हटलं आणि ठेवून दिला.

"काऊन नाही सांगितलं?" नवरा म्हणाला. मी त्याच्यावरच भडकले, "मंग तुमीच सांगा नं!" त्यानंही फोन उचलला नाही. खेळाआधी पोरीचं मन कायले खराब करायचं, असं आम्ही एकमेकांना समजावलं. खोटं कशाला सांगू, मी भ्यायले होते. तेव्हाच सांगितलं असतं तर गाडीत बसल्या बसल्या तिनं काडीनं दाणा न् दाणा साफ केला असता.

गाडी पाच तास उशिरा पोचली आणि पोरगी स्टेशनवरून सरळ हॉलमध्ये गेली. बॅटचं कव्हर उघडून बघायलाही तिला वेळ मिळाला नसेल. मॅच मोबाइलवर दिसणार होती. नवऱ्यानं मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. देवाला म्हटलं, तुझ्याच नावानं लावलंय, आता तूच लपव.

देवानं काही लपवलं नाही. पंचानं बॅट हातात घेतली, उलटी केली, काळ्या बाजूवर नख घासून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. पोरगी त्या बॅटकडे बघतच राहिली. मग वाकून तिनं बॅगेतून दुसरी काढली. ती जुनी, दाणे झिजलेली, अडीअडचणीला म्हणून ठेवलेली. "मेले मी," माझ्या तोंडून निघालं.

दोन गेम तिनं घेतले, दोन समोरच्या परदेशी पोरीनं. पाचवा अकरा-नऊनं गेला. दोन पॉइंट! तिनं हात मिळवला आणि टॉवेलमध्ये तोंड घातलं. नवऱ्यानं मोबाइल बंद केला.

ती घरी आली. शिबिराच्या यादीत तिचं नाव नव्हतंच. चौथ्या दिवशी भात वाढता वाढता मीच म्हटलं, "कुंकू म्या लावलं होतं."

"माहीत आहे मले. घरात दुसरं कोन लावते?" ताटातून नजर न उचलता ती म्हणाली. "फोन केला तवा काऊन नाही सांगितलं, माय?"

मी तिला आणखी भात वाढला, ती नको म्हणत असताना.

यंदाच्या दसऱ्याला मी विळे मांडले, पंप मांडला, मशीनला टिळा लावला. बॅटचं नाव काढलं नाही. ती ओल्या केसांनी बाहेर आली आणि स्वतःच बॅट आणून ताटात ठेवली. मी हात मागे घेतला. "नोको बाई," म्हटलं.

तिनं माझा कुंकवाचा अंगठा धरला आणि बॅटच्या लाकडी दांड्यावर टेकवला. "इथं लाव. इथं पंच पाहत नाही, आन् माझा हात तं इथंच राहते."