बाळंतपणाआधी बंद केलेली गोळी

आमच्या द्राक्षबागेच्या फवारणीची वही माझ्याकडे असते. मालक, म्हणजे आमचे हे, ट्रॅक्टर चालवतात, मजुरांना हाका मारतात, व्यापारी आला की छाती काढून उभे राहतात. पण कुठल्या दिवशी काय मारायचं, किती मारायचं आणि कधी थांबायचं हे मी ठरवते. माल परदेशी जायचा असेल तर काढणीच्या आधी ठरलेले दिवस फवारणी बंद ठेवावी लागते, म्हणजे तपासणीत घडामध्ये औषधाचा अंश सापडत नाही. त्या तारखा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते. बावड्याच्या शिवारात माझ्या तारखांवर डोळे झाकून चालणारे अजून तीन बागायतदार आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो मूर्खपणा सांगणार आहे तो अडाणीपणातून नाही, अतिशहाणपणातून झाला.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि मला काहीतरी झालं. कारण विचारू नका, मलाही सापडलं नाही. लेकीचं लग्न चांगल्या घरात झालेलं, मुलगा पुण्यात नोकरीला, मालकांनी तंबाखू सोडलेली. आणि मी विरळणीच्या दिवसांत हातात कात्री घेऊन वेलीखाली बसायची. घडातला कुठला मणी ठेवायचा आणि कुठला कापायचा हेच ठरेना. बरोबरच्या बायका चार ओळी पुढे जायच्या, मी पहिल्याच वेलीखाली. जेवणाला चव नाही, झोपेला दम नाही, कुणी आलं तरी नको आणि गेलं तरी नको. रडू येतंय का असं सगळे विचारायचे. रडू आलं असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

सासूबाईंनी पहिला उपाय केला तो मीठमिरच्यांचा. माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही तर नजर लागलेली असते, असा त्यांचा हिशेब. इथे असा ठसका उठला की मालक खोकत अंगणात पळाले आणि शेजारची म्हैस दावं तोडायला लागली. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नजर न्हाय ही. हे दुसरंच काय तरी हाय. डाक्टरकडं न्या हिला." मिरच्यांनी एवढं काम मात्र चोख केलं.

बारामतीला एक डॉक्टरीणबाई मनाच्या आजारांवर उपचार करतात असं कळलं. मालकांनी गाडी काढली. निमगाव, लासुर्णे, भवानीनगर अशी सगळी वाट ते एकटेच बोलत होते आणि मी काचेतून ऊस बघत होते. बाईंनी झोप विचारली, भूक विचारली, आधीचे आजार विचारले, आणि मग सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

मी म्हटलं, "मरायचं न्हाय. पण उठायचंबी न्हाय."

त्यांनी नीट समजावलं. नैराश्य हा आजार आहे, लाड नाहीत. गोळी रोज घ्यायची, आधी अर्धी, मग पूर्ण. सुरुवातीला मळमळेल, तोंड कोरडं पडेल, झोप थोडी इकडेतिकडे होईल. फरक दिसायला काही आठवडे लागतील. मधेच जास्त घालमेल झाली किंवा वाईट विचार आले तर वाट न बघता फोन करायचा. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही.

मालकांना तेवढ्यात दम कुठला. "रिझल्ट किती दिवसांत म्हणायचा?"

"सांगितलं ना, काही आठवडे."

"आमच्यात चौथ्या दिवशी अळी गळून पडती, मॅडम."

बाई हसल्या. वर्षभर मालकांनी त्यांना कितीदा तरी हसवलं, पण त्या दिवशी मला त्यांच्या हसण्याचा राग आला होता.

पहिले पंधरा दिवस मळमळच झाली. फायदा काही नाही, त्रास तेवढा रोख. तेवढ्यात डाळजहून नणंद आल्या. सोबत एक भुकटीचा डबा. कुणीतरी घरोघरी फिरून विकत होतं, शुद्ध झाडपाल्याचं, मन शांत करणारं, साइड इफेक्ट शून्य. डब्यावर कमळावर बसलेली एक हसरी बाई होती, आत काय घातलंय ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, "गोळ्या इंग्लिश हायत, गरम पडत्यात. हे घे वहिनी, गार हाय." मी गोळीही घेत राहिले आणि भुकटीही. दोन उपाय म्हणजे दुप्पट गुण, हे माझं गणित.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम फुटला, छातीत धडधड, पोट बिघडलं. पुन्हा बारामती. डॉक्टरीणबाईंनी डबा हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला. "बागेत अशी बाटली कुणी आणून दिली, लेबल नसलेली, तर फवाराल का?"

माझी मान खाली गेली. दोन हंगामांआधी एकाच्या बागेत जैविक म्हणून विकलेल्या बाटलीतून रसायन निघालं होतं आणि सगळा माल तपासणीत नापास झाला होता. तेव्हापासून लेबल वाचल्याशिवाय मी बागेत चिलटालाही काही मारू देत नाही. आणि स्वतःच्या पोटात मात्र हसरी बाई बघून दोन दोन चमचे.

बाई म्हणाल्या, झाडपाल्याची म्हणून कुठलीही वस्तू आपोआप सुरक्षित होत नाही. काही वनस्पतींचं या गोळीशी अजिबात जमत नाही. वैद्याकडे जायचं असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जा आणि दोघांना एकमेकांचं औषध दाखवा. भुकटी बंद झाली, दोनेक दिवसांत थरथर गेली. वन्सं महिनाभर रुसल्या.

पण गोळीखेरीज बाकी सगळं फुकट, असंही डॉक्टरीणबाईंचं म्हणणं नव्हतं. उलट त्यांनीच मला तिथल्या समुपदेशक मुलीकडे पाठवलं. माझ्या लेकीएवढी असेल. मला वाटलं ही मला काय शिकवणार. तिने अभ्यास दिला. रोज एक काम करायचं, मन लागो न लागो, आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'केस विंचरले.' वही ठेवण्यात मी तरबेज, त्यामुळे तो अभ्यास मात्र मला आवडला. शिवाय सकाळी कालव्याच्या कडेने जावेबरोबर चालायचं. जाऊ बोलायला लागली की श्वासोच्छ्वासाचा व्यायाम तिचा व्हायचा आणि सहनशक्तीचा माझा. मालकांनी मोबाइलवर बघून प्राणायाम सुरू केला आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या श्वासाला बसल्या बसल्या घोरायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला गुण आला बघ."

पाचव्या आठवड्यात दूधवाल्याने पाणी घातलेलं दूध आणलं आणि मी त्याला अंगणात उभा करून असा झोडला शब्दांनी, की रस्त्याने चाललेली दोन माणसं थांबली. घरात आले तर मालक आणि सासूबाई दोघंही माझ्याकडे बघून हसत होते. "आली बया ठिकाणावर," सासूबाई म्हणाल्या. मग मात्र मला रडू आलं, आणि ते चांगलं होतं.

वर्ष बरं गेलं. पोलकी घट्ट झाली, कारण गोळीने भूक वाढली होती. तोंड कोरडं पडायचं, म्हणून पाण्याची बाटली कायम जवळ. एवढं सोसायला माझी हरकत नव्हती. एकच गोष्ट मी केली नव्हती, लेकीला सांगितलं नव्हतं. तिच्या सासरी कळलं तर काय म्हणतील, ही भीती. गोळ्या मी मसाल्याच्या डब्यांमागे ठेवायची.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात न बोलता ठरलेलं. सातव्या महिन्यात ती आली आणि मला एकच ध्यास लागला. हिचं सगळं मी करायचं. शेक-शेगडी, तेल, डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, सगळं माझ्या हाताने. आदल्या वर्षी मला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते, आता मी लेकीचं बाळंतपण करणार होते.

तारीख फेब्रुवारीतली होती, नेमकी काढणीच्या सुमाराची. कॅलेंडरवर लाल पेनाने बागेची तारीख लिहिली आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाळाला आपण हात लावणार, मांडीवर घेणार, तोंडाशी तोंड नेणार. आपल्या अंगात तर वर्षभराचं औषध. अंश उरता कामा नये. मी बाळंतपणाच्या तारखेपासून एकवीस दिवस मागे मोजले, छोटीशी फुली मारली आणि त्या दिवसापासून गोळी बंद केली. कुणाला विचारलं नाही. तारखा ठरवताना मी कधी कुणाला विचारते?

पहिले दोन दिवस छान. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात बारीक करंट लागल्यासारखं व्हायचं. चक्कर, मळमळ, झोपेत भलतीसलती स्वप्नं. भाकरी करपली म्हणून मी तवाच अंगणात फेकला. आठवड्याच्या शेवटी मी पांघरूण घेऊन पडले ती उठेचना. लेक नववा महिना भरत आलेलं पोट सांभाळत, भिंतीला धरून, माझ्यासाठी चहा घेऊन आली. तो कप बघून मला इतकी लाज वाटली की आजही सांगताना कान गरम होतात.

मालक कॅलेंडरजवळ उभे राहिले. "ही फुली कसली? बागेची तर न्हाय."

सांगावं लागलं. लेकीसमोरच. गोळी, वर्षभराचा आजार, मसाल्याचे डबे, सगळं.

"मला का न्हाय सांगितलंस?" लेकीने विचारलं.

"तुझ्या सासरी..."

"आई, मी तुला विचारतीय, सासरचं न्हाय."



मालकांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुम्ही द्राक्ष आहात का?" आणि त्यानंतर जे बोलल्या ते मी दूधवाल्यालाही बोलले नव्हते. गोळी घेणाऱ्या आजीने बाळाला मांडीवर घेतलं तर बाळाला काही होत नाही. पण गोळी एकदम तोडली तर आजीला होतं. बंद करायचीच असती तर आपण मिळून, हळूहळू, महिनोन्महिने कमी करत गेलो असतो. डोक्यातले झटके गोळी एकदम तोडल्याचे, आणि मागून आजार परत यायची भीती वेगळी. उद्या सकाळी या, किती डोस देऊन सुरू करायची ते मी बघते.

गोळी सुरू झाली. चार दिवसांत झटके थांबले, मन मात्र सावकाश वर आलं. लेकीला कळा आल्या तेव्हा मी उभी राहू शकत होते, एवढंच. बारामतीच्या दवाखान्यात नात झाली. लाडू जावेने वळले, अंघोळ सासूबाईंनी घातली, मी शेगडी पेटवली आणि बाळ मांडीवर घेऊन बसले. ठरवलं होतं त्याच्या निम्मंही झालं नाही. त्याचं मला फार वाईट वाटत होतं.

बारसं थाटात झालं. त्यानंतर लेक गप्प व्हायला लागली. सगळे म्हणत होते, ओली बाळंतीण आहे, थकली आहे, होईल नीट. वन्सं नवा डबा घेऊन आल्या होत्या, या वेळी कमळावर बाप्या होता. दोन आठवडे मीही थकवाच समजत राहिले. मग एका दुपारी बाळाचे लंगोट घड्या घालताना लेक खालमानेने म्हणाली, "आई, हिला घेतलं की मला काहीच वाटत न्हाय. दुसऱ्याचं लेकरू सांभाळल्यावानी वाटतंय. मी वाईट हाय का गं?"

दुसऱ्या कुणाला तिने हे सांगितलं नसतं. मलाही सांगितलं नसतं, जर तो चहाचा कप तिला माझ्याकडे आणावा लागला नसता.

"वाईट न्हाईस," मी म्हटलं. "आजारी आहेस. सोमवारी बारामतीला जायचं."

सासूबाईंनी हात कपाळाला लावला. सव्वा महिना झाला नाही, बाळंतीण उंबऱ्याबाहेर काढायची? वन्संनी डबा पुढे सरकवला. लेक म्हणाली, पाजते मी, मला गोळी कशी चालंल? मी म्हटलं, ते तू पण ठरवायचं न्हाय आणि मी तर न्हायच न्हाय. बाई ठरवतील. पाजताना चालणाऱ्या गोळ्या असतात, कुणाला नुसतं बोलून आणि झोप मिळून बरं वाटतं. पण विचारायला जायचं.

सोमवारी गेलो. बाळ माझ्या मांडीवर, लेक खिडकीशी, मालक या खेपेला सगळी वाट गप्प. वेटिंगमध्ये टेबलामागची मुलगी नवीन होती. तिने केसपेपर पुढे ओढला, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "पेशंट कोण?"

लेकीने आणि मी एकदमच हात वर केला.

ती मुलगी गोंधळली. लेकीने माझ्या हाताकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि बारशानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसली. त्या आवाजाने बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं. "दोन केसपेपर कर," मी त्या मुलीला म्हटलं, आणि बाळ लेकीच्या हातात दिलं.