शाळेच्या टार्टनमधला हिरवा

स्कॉटलंडमधल्या मोरे फर्थ या खाडीच्या काठावरच्या आमच्या बंदरात जेसिना कावी लहान वयातच गिरणीत लागली. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ओवायचं काम तिने जन्मभर केलं. नवरा समुद्रात बुडाला तेव्हा मुलगा ईवन पाळण्यात होता. मोठा होऊन तोही बोटीवर गेला. जेसिनाने त्याला अडवलं नाही. फक्त घरात हिरवा धागा येऊ दिला नाही. हिरवं अंगावर चढलं की समुद्र माणूस मागतो, असं आमच्याकडे मानतात. या समजुतीला हसणारेसुद्धा हिरवा स्वेटर विणत नाहीत.

शाळेने गणवेशासाठी स्वतःचा टार्टन, म्हणजे रंगीत चौकटींचं लोकरी कापड, करायचं ठरवलं आणि काम तिच्याकडे आलं. रंग मुलांनी निवडले: समुद्राचा निळा, कड्यांवरच्या गॉर्सच्या काटेरी झुडपांच्या फुलांचा पिवळा, फेसाची बारीक पांढरी रेघ. टार्टनमध्ये उभ्या धाग्यांचा जो क्रम तोच आडव्यांचा, त्यामुळे प्रत्येक रंग दुसऱ्या प्रत्येकाला छेदून जातोच. विणताना जेसिना कापड हातभर अंतरावरूनच बघायची. मागावर तिला निळा निळाच दिसला आणि पिवळा पिवळाच.

कापड मंजूर करायच्या पालकसभेच्या दिवशी दुपारीच वारा फिरला. बाकीच्या बोटी परतल्या, ईवनची नाही. रेडिओवरही तो उत्तर देईना. जेसिना तरी कापड घेऊन आली. घरी बसून करू काय, म्हणाली. मुख्याध्यापिका मिसेस डफस यांनी ते मंचावर टांगलं.

म्हातारा कप्तान विली स्लेटर उशिरा आला आणि दारातच थांबला.

"जेसिना पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "इकडे ये. इथून बघ."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. आम्हीही तिच्यामागे जाऊन पाहिलं. पिवळा जिथे जिथे निळ्याला छेदत होता, तिथे तिथे लांबून दोन्ही मिसळून हिरवे चौकोन दिसत होते.

पालकांमधली रोना म्हणाली, "माझा नवरापण त्याच बोटीवर आहे, काकी."

जेसिना भिंतीला टेकली. रंगाचा आणि वादळाचा काय संबंध, असं मिसेस डफस समजावू लागल्या. त्या डोंगराकडच्या, त्यांना हे कुठून कळणार. विलीने कापड उतरवून त्याची उलटी घडी केली. घरी मात्र कोणी गेलं नाही. खिडक्या वाजत राहिल्या.

शेवटी फोन आला. रेडिओ भिजून बंद पडला होता. बोट खाडीपलीकडच्या विक गावच्या बंदरात लागली होती, माणसं सुखरूप होती. रोना रडायलाच लागली. मिसेस डफसना वाटलं, आता तरी कापड मंजूर होईल. विलीही पुटपुटला की ज्याला घालायचंय त्याने खुशाल घालावं.

ईवन घरी आला तेव्हा मी जेसिनाकडे चहा करत होते. ती घरच्या मागावर उरलेला ताणा कापत होती.

"आई, आलो ना मी?"

"आलास. म्हणूनच कापतेय. समुद्र दुसऱ्यांदा सोडणार नाही."

"मुलं रुसतील. पिवळा त्यांनी निवडलाय."

"रुसू देत. रुसायला घरी असतील."

तिने पिवळ्याच्या जागी लाल सुताची गुंडी काढली. ईवन ओला कोट काढून धाग्याचं दुसरं टोक धरायला बसला.