चाखल्याविना रांधलेला रस्सा

सून चहात गवती चहाची पात टाकते, तेव्हा त्या वासाने माझं डोकं आजही तापतं. मुलाने आम्हा नवरा-बायकोला थायलंड फिरवलं, तेव्हा एका सकाळी स्वयंपाक शिकायला बसवलं होतं. गवती चहा घातलेला नारळाच्या दुधाचा रस्सा रटरटत होता. शिकवणारी बाई चमचा पुढे करून चाखायची खूण करत होती आणि मी बावळट नुसती नाही-नाही म्हणत मान हलवत होते. आमच्या गावी, एकोडीत, सासूबाईंचा नियमच होता, पुरुष जेवल्याशिवाय रांधणारीने चाखायचं नाही. मग बाटलीतलं माशाचं खारट पाणी आधीच पडलेल्या रश्शात मी अंदाजाने मूठभर मीठ लोटलं. आमच्या ह्यांनी पहिला घास थुंकला आणि सगळ्यांसमोर हसले, "अवो, चाखून तं पाहाचं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीस वर्सं चाखू देल्लं नाही, आन आता हासून राहिले? वाटी रिकामी झाल्याबिगर उठाचं नाही!" त्यांनी पाण्याचे घोट घेत वाटी संपवली. पण त्यांच्यापेक्षा मला माझ्यातल्या त्या मान हलवणाऱ्या शहाणीचाच राग जास्त येतो. आता भाजी उतरली की पहिली वाटी माझी. हे ताटावर ताटकळत असतात आणि मी मुद्दाम सावकाश चाखते.