सुनेच्या रक्तात पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षी सरकारनं माझ्या हातात चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी एक पेटी दिली आणि मी स्वतःला शास्त्रज्ञ समजू लागलो. आत दोन तपकिरी काचा, त्यांच्या मधोमध बसणारी, आकडे कोरलेली बारीक नळी आणि रक्त ओढायची पिपेट. वीज नको, मशीन नको. बोटाला सुई टोचायची, रक्त तोंडानं पिपेटीत ओढून नळीतल्या ॲसिडात सोडायचं. ते तपकिरी झालं, की बाटलीतलं शुद्ध पाणी थेंबथेंब घालत रंग शेजारच्या काचांशी जुळवायचा. जुळला तेव्हा नळी जिथवर भरली, तो रक्ताचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा आकडा; गरोदर बाईला निदान अकरा हवा.

तामलवाडीकडच्या एका गावात दूध सोसायटीच्या खोलीत मी दुकान मांडलं. पहिली आली दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक सून. सातवा महिना, ओठ पांढरेफटक. मागं सासू. सुनेला घरी बसवायचं का, हे सासू ठरवणार होती, आणि तिच्या मते सून निव्वळ आळशी होती.

मी पिपेट तोंडात धरली.

"रक्त पितंय की गं बया!" दारातून कुणीतरी किंचाळलं. मी खूश होऊन भुवया उडवल्या.

दहा मिनिटांनी पाण्याचा पहिला थेंब टाकला, तशी सासू ताडकन उठली. "थांबा! ह्याच खोलीत आमच्या दुधात पाणी घावलं तर दूध माघारी धाडत्यात. अन् तुम्ही माझ्या सुनंच्या रक्तात समद्यांदेखत पाणी घालता व्हय?"

खोली हसून लोळली. मी समजावलं, ती ऐकेना. रंग सहावरच जुळला.

"तुमच्या पाण्यानंच पातळ झालं. आता सोताचं काढा!"

काढलं. नळी धुऊन पुन्हा सगळा खेळ मांडला. सासू नाक नळीला लावून बसली. सहाची खूण आली तरी माझं रक्त दाट तपकिरी. आठ, दहा... तेराला जुळलं.

तिनं सुनेच्या पांढऱ्या ओठांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्यात एवढं पाणी जिरलं. हिच्यात मुळात रक्तच न्हाय."

तिनं सुनेला हाताला धरून उठवलं. "ह्यांच्यासंगं धाराशिवच्या दवाखान्यात जा. खडीला उद्या म्या जाते."

"आत्या, तुमचं गुडघं..."

"गप!" आणि माझ्यापुढं बोट धरून, "डाक्टर, टोचा. खडी फोडण्याइतकं माझ्यात तरी हाय का, बघा."