सराटे वेचणारे मास्तर

सकाळी शाळेच्या मैदानावर पहिला पाय मास्तरांचा पडायचा, आणि तोही अनवाणी. बूट हातात धरून ते एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत सावकाश चालत जायचे, वळायचे, पुन्हा यायचे. तळव्याला सराटा टोचला की वाकून तो काढायचा आणि कोटाच्या खिशात टाकायचा. आम्ही कुंपणापाशी ताटकळत उभे. सबंध मैदान पायाखालून गेल्याशिवाय चेंडू बाहेर निघत नसे. "तुमच्या पायात रुतण्यापरीस माझ्या पायात रुतल्याला बरा," एवढंच ते म्हणत. मुलांनी त्यांचं नाव सराटेमास्तर ठेवलं. ते कानावर गेलं तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

इंदापुरातली आमची इंग्रजी शाळा लहान होती. फुटबॉलसाठी अकरा मुलं जमवताना मारामार व्हायची. दर हिवाळ्यात बारामतीच्या मोठ्या शाळेशी सामना असे आणि तो हरला की आमचा ड्रिलमास्तर बदलत असे. साताऱ्याकडचे एक मास्तर हरल्याच्या दुसऱ्या दिवशी न सांगता निघून गेले. त्यांच्यानंतरच्यांना शाळेच्या कमिटीचे चेअरमन अण्णाशेट यांनी चारचौघांत घरचा रस्ता दाखवला. अण्णाशेट धान्याचे मोठे व्यापारी. मैदानाला लागूनच त्यांचं गोदाम होतं. नवा मास्तर आला की मुलं त्याचं शिकवणं बघण्याआधी हा किती दिवस टिकेल याच्याच गप्पा मारत.

सराटेमास्तर कन्हेरीचे, मुसलमान. पलटणीत असताना पुण्याच्या लष्करात ते फुटबॉल शिकले. आम्हाला ते फार ओरडत नसत. एखादा पडला तर खेळ थांबवून आधी त्याचा घोटा चाचपत. "गोल काय, पुढच्या साली बी हुईल. पाय पुन्हा मिळत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. आमचा गोलकीपर विठू हा त्यांचा विशेष लाडका. वडील नसलेला, आई बाजारात भाजी विकायची. उंच उडी मारून चेंडू पोटाशी धरला की मास्तर नुसती मान हलवायचे, आणि विठूला तेवढं दिवसभर पुरायचं.

त्या वर्षी सामना जवळ आला तसे मास्तर बदलले. दोन दिवस आम्ही पोहोचायच्या आत त्यांचं मैदान फिरून झालेलं होतं. हातांना रॉकेलचा वास येत होता. गोदामाकडच्या बाजूला ते आम्हाला जाऊ देईनात. विचारलं तर म्हणाले, "तिकडं खड्डं हायती." आम्हाला तर खड्डे दिसत नव्हते.

मग एका सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना, गोदामाच्या भिंतीखालून एक उंदीर बाहेर आला. माणसांना तो भ्याला नाही. झिंगल्यासारखा चालत आला, स्वतःभोवती फिरला आणि गोलखांबापाशी आडवा झाला. विठू त्याला पायानं ढकलायला गेला.

"मागं सर." मास्तरांचा तसा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. त्यांनी आम्हाला पार रस्त्यापर्यंत मागं नेलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "आमच्या घरात आदी असाच उंदीर पडला," ते म्हणाले. "मग आई गेली. मग थोरला भाऊ. मला रानात मामाच्या खोपीवर ठिवलं हुतं, म्हून मी हितं हुबा हाय. घरी सांगा, उंदीर पडाय लागल्यात."

घरी सांगितलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. मास्तर हेडमास्तरांकडे गेले. तिथं अण्णाशेट बसलेच होते. खिडकीखाली आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"गोदामात गोळ्या टाकल्यात उंदराच्या," अण्णाशेट म्हणाले. "त्यानं मरत्यात. बाजारात भलतंसलतं बोलू नका. माझा माल पडून ऱ्हाईल."

"शेट, सामन्याला चार गावची माणसं येत्याल. हितं गोळा करू नका."

"हरायची भीती वाटती का मास्तर? तसं असंल तर सरळ सांगा."

"वाटती, असं धरा," मास्तर म्हणाले. "मला काढा. पर सामना मोडा."

हेडमास्तरांनी अण्णाशेटांकडे पाहून मान हलवली. सामना ठरल्याप्रमाणे होणार, असंच ठरलं.

सामन्याच्या दिवशी पाहुण्यांना आणायला मला आणि विठूला गावाबाहेर बारामती रस्त्यावर पाठवलं होतं. आम्ही पोहोचलो तर मास्तर आधीच रस्त्याच्या मधोमध उभे. मोटार आली, हॉर्न वाजला, ते हलले नाहीत. बारामतीचे मास्तर खाली उतरले.

"गावात उंदीर पडल्यात," आमचे मास्तर म्हणाले. "पोरं घिऊन माघारी जा."

"म्हणजे तुम्ही सामना सोडला असं समजायचं?"

"व्हय. सोडला."

त्या गृहस्थांनी त्यांच्या तोंडाकडं क्षणभर पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. धुरळा खाली बसेपर्यंत मास्तर तसेच उभे होते. मग आमच्याबरोबर मैदानावर आले.

मैदान माणसांनी भरलं होतं. वरकुट्याहूनसुद्धा लोक गाड्या जुंपून आले होते. बारामतीकर परत गेल्याचं कळताच एकच गिल्ला झाला. कुणीतरी ढेकूळ भिरकावलं, ते मास्तरांच्या खांद्याला लागलं. अण्णाशेटांनी तिथंच, सगळ्यांदेखत, त्यांना काढून टाकलं. मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून हेडमास्तरांच्या हातात दिली आणि घोळक्याघोळक्यापाशी जाऊन ते हात जोडून सांगत राहिले, "घरी जावा. हितं थांबू नका." लोक हसत होते. अंधार पडेपर्यंत ते सांगत होते.

त्याच आठवड्यात गोदामातला एक हमाल जांघेत गाठ येऊन तापानं गेला. मग त्याच्या शेजारचं घर. सरकारी माणसं आली, प्लेग म्हणाली, गाव खाली झालं. आम्ही उसाच्या रानाकडेला झोपडी घालून राहिलो. रोज कुणाकुणाच्या बातम्या यायच्या. विठूची बातमी आली त्या दिवशी माझ्या आईनं मला झोपडीबाहेर पडू दिलं नाही.

उन्हाळ्यात गाव पुन्हा भरलं. नवा ड्रिलमास्तर आला. पुढच्या हिवाळ्यात आम्ही बारामतीला हरवलं, अण्णाशेटांनी त्याला हार घातला आणि तो पुढं बरीच वर्षं टिकला. हेडमास्तर कन्हेरीला जाऊन सराटेमास्तरांना परत बोलावून आले होते, असं मागाहून कळलं. मास्तरांनी नाही म्हटलं होतं.

मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी, सामन्याच्या दुपारी, विठूच्या आईकडे, मावशींकडे, गेलो तर उंबऱ्याशी मास्तर बसलेले. दाढी पांढरी झाली होती. मैदानावरचा आरडाओरडा तिथं ऐकू येत होता. मावशी म्हणाल्या, "दर साली याच दिवशी येत्यात. च्या घेत्यात, जात्यात."

मी त्यांना म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही किती माणसं वाचवलीत."

 ते मावशींकडं न बघता म्हणाले, "पयला उंदीर तुमाला दिसला त्याच्या आदी मला दिसला हुता. नोकरी जाईल म्हून दोन दिस गप ऱ्हायलो. मेलेलं उंदीर गुपचूप जाळत ऱ्हायलो. त्या दोन दिसात विठू त्याच मैदानात खेळत हुता."

मावशी चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं होतं. हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या की नाही, ते मला कळलं नाही. त्या कपबशी घेऊन आल्या, मास्तरांपुढं ठेवली आणि म्हणाल्या, "निवंल. प्या."

पुढच्या वर्षी मी पुण्याहून मुद्दाम त्या दिवशी गावी आलो. मावशींनी चहाचं आधण ठेवलं होतं. मैदानावरचा गोंगाट वाढला, ओसरला, माणसं घरोघर परतली. मावशी पाणी आटलं की पुन्हा घालत होत्या. दिवेलागणीला त्यांनी भांडं उतरवलं, दोन कप भरले, एक माझ्या हातात दिला आणि दुसरा उंबऱ्यावर ठेवला.

"आता न्हाय येत मास्तर," त्या म्हणाल्या, आणि कपाशेजारी बसून राहिल्या.