तार सारखी, तर वावर सारखं

आमचे मुख्याध्यापक चालू तासाला वर्गात शिरत आणि उजवा तळहात पुढे करत. शिकवणारा शिक्षक मुकाट्यानं हातातला खडू त्यावर ठेवी आणि खिडकीपाशी जाऊन उभा राही. उरलेला तास ते स्वतः घेत. विषय कोणताही असो. मूळचे ते इतिहासाचे, पण विज्ञानाचा खडूही त्यांनी तितक्याच सहज घेतला होता.

असा साहेब तुम्हीही पाहिला असेल. तो आला की खोलीतल्या बाकीच्यांची उंची चार बोटं कमी होते, आणि गंमत म्हणजे त्यांना ते बरं वाटतं.

मलाही बरं वाटायचं. अधिकारी शाळा तपासायला आले की माझी वाचा बसायची. "घबरता काऊन मास्तर? मी आहो ना!" असं म्हणत ते पाठीवर थाप मारत. दोन ज्येष्ठ शिक्षकांना डावलून त्यांनी मला पर्यवेक्षक केलं. अमरावतीतल्या आमच्या शाळेतले आम्ही सगळे त्यांचा आत्मविश्वास अंगावर पांघरून हिंडत होतो. स्वतःचा विणायची कोणालाच गरज वाटली नाही.

वैशाली मॅडम गणिताला आल्या त्या वर्षी त्यांचं वय पंचवीसही नसेल. वलगावहून बसनं यायच्या. तीन वर्षं मानधनावर काम करायचं, मग अहवाल चांगला गेला तर नोकरी कायम, अशी नेमणूक होती. दोन वर्षं सरळ गेली.

तिसऱ्या वर्षी नववीच्या वर्गात तो तळहात त्यांच्यापुढे आला. फेरीवर मी सरांच्या मागं असायचो, म्हणून दाराशी उभा होतो. फळ्यावर परिमिती आणि क्षेत्रफळ होतं.

"हे पाहा पोट्टेहो," सर म्हणाले, "दोन वावरं आहेत. दोन्हीले कुंपणाची तार सारखीच लागली. म्हणजे वावरं सारखीच. झालं! यात घबरण्यासारखं काय आहे?"

"नाही सर," खिडकीकडून आवाज आला. "तार सारखी लागली तरी वावर सारखं नसतं."

मॅडमनी दुसरा खडू घेतला आणि दोन आकृत्या काढल्या. एक वावर पाच बाय पाच, तार वीस. दुसरं नऊ बाय एक, तारही वीसच. पहिल्याचं क्षेत्रफळ पंचवीस, दुसऱ्याचं नऊ. पोरं हसली. ती आकड्यांना हसली असतील, पण सर हसले नाहीत. खडू टेबलावर ठेवून ते बाहेर पडले.

मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले. "मास्तर, तुमी गणिताचे जुने माणूस. तुमी सांगा. माहं बरोबर का मॅडमचं?"

चहाचे कप खाली ठेवले गेले. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. निश्चिंतपणे पाहत होत्या, कारण उत्तर चौथीच्या पोरालाही आलं असतं.

"सर, तुमचंच बरोबर आहे," मी म्हणालो. "मॅडमनी आकडेच विचित्र घेतले."

सर माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्या वर्गात जाऊन पोट्ट्याइले नीट सांगून द्या."

आणि मी गेलो. कोणी माझा हात धरून नेलं नव्हतं. मी फळ्यावर लिहिलं की परिमिती समान असेल तर क्षेत्रफळही समान असतं, आणि म्हणालो, "मॅडमची काल चूक झाली." पहिल्या बाकावरच्या मुलीनं वहीतले पंचवीस आणि नऊ पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टी लावून दोन्ही आकडे सरळ रेघेनं खोडले.

पुढचं आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. सरांना सांगावंही लागलं नाही. चहा आला की मॅडमचा कप शेवटी भरला जाई. चित्रकलेचे गुरुजी विचारत, "काय मॅडम, आज कोणाचं वावर मोजून आल्या?" आणि खोली हसे. मीही हसे. वर्षअखेर अहवाल माझ्याकडे आला. "विषयज्ञान अपुरे" हे दोन शब्द माझ्या अक्षरातले आहेत.

नेमणूक संपल्याचं पत्र हातात घेऊन मॅडम व्हरांड्यात मला भेटल्या. "सर, तुम्हाला तरी माहीत आहे ना?"

"मॅडम, तुमची बस चुकेल," मी म्हणालो.

त्यांना दुसऱ्या कुठल्या शाळेनं घेतलं नाही. पुढं वलगावात भावाच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशव्या विकताना दिसल्या. मी रस्ता बदलला.

निवृत्तीनंतर सर मुलाकडे अकोल्याला राहायला गेले. गेल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम भेटायला गेलो. कूलरसमोर बनियनवर बसले होते, फार वाळले होते. मी धीर करून म्हणालो, "सर, ते वावराचं. मॅडमचं बरोबर होतं."

"मले मालूम आहे."

"कधीपासून?"

"तवापासूनच. वर्गातून निंगालो तवाच डोक्यात खटकलं. म्हून तं तुमाले सर्वाइसमोर इचारलं. मले वाटलं, हा गणितवाला आहे, हा सांगन. तुमी म्हणले, बरोबर आहे. मंग मी काय करू?"

सर दात नसलेल्या तोंडानं हसले. "मी तं इतिहासवाला, मास्तर. मी चुकलो तं चुकलो. तुमी काऊन चुकले?"

सुनेनं चहा आणला. मी तो प्यायलो.

दिवाळीआधी सर गेले. शाळेत शोकसभा झाली. बरेच शिक्षक नवे होते. बसण्याआधी ते आताच्या मुख्याध्यापिकांकडे पाहत होते. त्या बसल्या, मग हे बसले. वैशाली मॅडमचं नाव घ्यायचं, त्या बरोबर होत्या आणि अहवाल मी खोटा लिहिला, एवढं माईकवर सांगायचं, असं ठरवून मी घरून निघालो होतो. वाक्यं पाठ केली होती. माझी पाळी आली. समोरच्या माना होकारात एकसारख्या हलत होत्या, मी अजून काही बोललोही नव्हतो.

"सरांचं कधीच चुकलं नाही," मी म्हणालो.

मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. तेवढं मला चांगलं जमलं.