उभा झेंडा, चालता झेंडा

तेगल लेसुंग गावाच्या वेशीवर पाटी लागली, ‘निसर्गाच्या कुशीतलं अस्सल गाव’, आणि त्या दिवसापासून गावात अस्सल असं काही उरलं असेल तर ते पान सद्रीचं तोंड. ते आधीपासूनच वाईट होतं, त्यामुळे त्याला सजवायला कुणी गेलं नाही.

पान सद्री म्हणजे सद्रीचा बाप. मूल झालं की इथे माणसाचं स्वतःचं नाव खुंटीला टांगलं जातं आणि तो जन्मभर कुणाचा तरी बाप म्हणून वावरतो. सद्री एका मोठ्या प्रवासी जहाजावर परक्यांच्या चादरी बदलत समुद्रापार गेली होती. बापाकडे राहिलं ते तिचं नाव, तिची आई मेन सद्री, आणि बदकं.

बदकांचा धंदा वडिलोपार्जित. सकाळी बांबूच्या काठीला पांढरं फडकं बांधायचं, ती खांद्यावर टाकून बांधावरून चालू लागायचं, आणि बदकं रांगेने मागे. कापणी झालेल्या खाचरात काठी रोवायची आणि खुशाल घरी जाऊन कॉफी प्यायची. बदकं त्या फडक्याला सोडून लांब जात नाहीत. सांडलेलं भात, गोगलगायी, किडे टिपतात आणि ऊन उतरलं की आपली आपण झेंड्याखाली गोळा होऊन मालकाची वाट बघत बसतात. पिल्लं अंड्यातून निघाली की त्यांना त्या फडक्याच्या सावलीत दाणा टाकायचा, एवढीच काय ती विद्या. झेंडा उभा म्हणजे थांबा, झेंडा चालला म्हणजे निघा. यापलीकडे बदकाला अक्कल नसते. पान सद्रीच्या मते माणसालाही नसते, फक्त माणूस ते कबूल करत नाही.

गावाला अस्सल करायचा किडा कादेक सुदानाच्या डोक्यातला. हा गडी किनाऱ्यावरच्या हॉटेलात बरीच वर्षं पाहुण्यांच्या बॅगा उचलत होता. परत आला तो काळा चष्मा आणि ‘संकल्पना’ हा शब्द घेऊन. वाट्याचं शेत त्याने आधीच विकलं होतं, त्यामुळे शेतकऱ्याच्या जीवनाबद्दल बोलायला तो मोकळा होता. त्याने समिती काढली, स्वतःच अध्यक्ष झाला आणि सगळ्यांना कामं वाटून दिली. पाहुणे गावात असेपर्यंत प्रत्येकाने नैसर्गिक वागायचं, असा हुकूम सुटला. ज्याने आयुष्यात माडाला हात लावला नाही तो माडावर चढू लागला. दरीच्या तोंडावर झोका टांगला, त्यावर बसून पाहुण्या बायका किंचाळत फोटो काढू लागल्या. मेन सद्रीच्या अंगणात एक उखळ आलं. गावाचं भात कित्येक वर्षं गिरणीत भरडलं जातं, पण पाहुण्यांना मुसळाचा आवाज हवा होता. रोज नवं भात कोण देणार? म्हणून ती बिचारी तेच ते भात कांडत राहिली. त्याचा तांदूळ झाला, मग कणी, मग पीठ. तरी पाहुणे यायचे, हात जोडायचे आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, किती साधं जीवन!

“साधं कसलं,” मेन सद्री म्हणायची, “खांदा निखळलाय माझा.”

इथवर पान सद्री नुसता हसत होता. मग एके दिवशी सुदाना त्याच्याकडे आला.

“बापा, रस्त्याखालची खाचरं आता दर्शनी भाग झालीत. बदकं तिथे नकोत.”

“का? माझी बदकं काय तोंड लपवण्यासारखी आहेत?”

“बांधावर घाण करतात. पाहुण्यांचे बूट भरतात.”

“कादेक, तुझा आजा याच बांधावर परसाकडेला जायचा. तेव्हा नाही कुणाचे बूट भरले.”

“तेव्हा संकल्पना नव्हती, बापा. तुम्ही स्मशानामागे जा की. तिथे कोण बघतंय?”

स्मशानामागे कोणी बघत नव्हतं हे खरं, पण तिथे खायलाही काही नव्हतं. त्या खाचरांचं पाणी वरच्या बंगल्याच्या पोहण्याच्या तलावात वळल्यापासून तिथे भाताचं रोपही लागलं नव्हतं. इकडे रस्त्याखाली नुकती कापणी झालेली, दाणा पसरलेला, आणि नांगर फिरेपर्यंतचेच काय ते दिवस हातात. बदकांना तो दाणा मिळाला नाही तर अंडी बंद. अंडी बंद झाली की बदकं पोसणार कशावर? मग ती विकायची, आणि घेणारा तयारच होता. समितीच्या खाणावळीचा आचारी कुंपणाशी उभा राहून कळपाकडे बघून गेला होता. त्याची नजर मांडीच्या वर गेलीच नाही.

“बदकं गेली तर तू दिवसभर घरात बसशील,” मेन सद्री म्हणाली. “त्यापेक्षा बदकं ठेवू आणि तुला विकू.”

पान सद्री मूग गिळून स्मशानामागे जाऊ लागला. संध्याकाळी बदकं परत यायची ती पोट खपाटीला लावून आणि रागाने बडबडत.

तेवढ्यात सुदानाचा एक पाहुणा फोटो काढता काढता पाटात पडला, आणि दुसरा कुणाच्या तरी न्हाणीत निघाला. पाहुणे पांगू नयेत म्हणून सुदानाने एक लांब बांबू घेतला आणि त्याला फडकं बांधलं. पांढरं. रंगीत फडकं अस्सल दिसलं नसतं. ‘पांढऱ्या झेंड्याजवळ जमा व्हा, पांढऱ्या झेंड्यामागे चला’ अशी पत्रकंही छापून आली.

“त्याला सांग, दुसरा रंग घे म्हणावं,” मेन सद्री म्हणाली.

“मी का सांगू? माझी बदकं माझा झेंडा ओळखतात.”

“बदकं ओळखतात, की तुला तसं वाटतं?”

“मी वाढवलीत त्यांना! त्या नटव्याच्या मागे जातील ती?”

गर्वाचं घर खाली, ते असं.

उत्कृष्ट पर्यटन गाव निवडायला राजधानीतून परीक्षक आले. सगळं गाव इतकं नैसर्गिक झालं होतं की ओळखू येईना. सुदाना रेशमी पागोटं बांधून, झेंडा उंच धरून पुढे, परीक्षक मागे. जुना वड दाखवायला म्हणून त्याने त्यांना स्मशानामागून आणलं. पान सद्री झेंडा रोवून सावलीत टेकला होता.

एका बदकाने मान वर केली. मग सगळ्यांनी केली. उभ्या झेंड्याखाली चिखलाशिवाय काही नव्हतं. पलीकडे झेंडा चालला होता, आणि झेंडा चालला म्हणजे नवं शेत, नवा दाणा. कळप उठला आणि परीक्षकांच्या मागे रांगेला लागला.

“अरे निमकहरामांनो!” पान सद्री ओरडला. “झेंडा इथे आहे! इथे!”

त्याने स्वतःची काठी उपटून हवेत नाचवली, पण बदकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. पान सद्रीला फार लागलं ते. शेत गेल्याचं एवढं लागलं नव्हतं.

परीक्षकांतल्या बाई मात्र हरखून गेल्या. “किती सुंदर! कुणाची ही बदकं?”

सुदानाने मागे पाहिलं. क्षणभर गोंधळला, मग छाती फुगवून म्हणाला, “माझीच. लहानपणापासून वाढवलीत. आमची परंपराच आहे.”

बांध अरुंद असतो. त्यावरून परीक्षक गेले, बदकं बाजूच्या वाफ्यातून गेली. तो वाफा पेकासेह रेनेंगचा होता. पेकासेह म्हणजे पाटाच्या पाण्याचा मुखिया, आणि वाफ्यात त्याच्या भाताची बोटभर वाढलेली रोपं. उपाशी कळप पार झाला तेव्हा मागे नुसता काला उरला होता.

खाणावळीच्या हिरवळीवर सुदानाने झेंडा रोवला आणि पाहुण्यांना पानावर बसवलं. बदकं झेंड्याखाली बसली. काही कमळांच्या कुंडीत उतरली, बाकीच्यांनी हिरवळीवर जे करायचं ते केलं. आचारी झाडू घेऊन धावला, तर ती एक फेरी मारून पुन्हा जागेवर. सुदानाने झेंडा उपटून फाटकाकडे धाव घेतली, तर टेबलांच्या मधून सगळा कळप त्याच्या मागे. तो परत आला, बदकं परत आली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तेवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात उपटलेली रोपं घेऊन पेकासेह आत आला. पान सद्रीही मागोमाग येऊन फाटकाशी उभा राहिला.

“कुणाच्या झेंड्याखालची बदकं ही?” पेकासेह गरजला. शेतात बदकाला कुणी जाब विचारत नाही, झेंड्याला विचारतात. ज्याचा झेंडा त्याची बदकं, आणि त्यांनी केलेली नासाडी निस्तरायचीही त्यानेच.

“बापा, तुमची बदकं आवरा!” सुदाना फाटकाकडे बघून दातओठ खात पुटपुटला.

पान सद्री एक शब्द बोलला असता तर बदकं त्याची होती. पण तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. पाठ फिरवून गेलेल्यांना सगळ्या गावासमोर ‘माझी’ कसं म्हणायचं?

“माझा झेंडा हा,” तो हातातली काठी आपटत म्हणाला. “याखाली एक पीस नाही. त्याला विचारा.”

“पण सुदानाजी,” परीक्षक बाई म्हणाल्या, “तुमचीच ना? तुम्हीच तर सांगितलंत.”

सुदानाने पेकासेहच्या हातातली रोपं पाहिली, बाईंच्या हातातला गुणांचा कागद पाहिला, आणि त्याला जे प्रिय होतं ते निवडलं.

“हो. माझीच.”

“मग चल, वाफ्यात उतर,” पेकासेह म्हणाला. “वाफा नव्याने कर आणि पेर.”

रेशमी पागोट्यासकट अध्यक्ष चिखलात उतरले. परीक्षकांनी भराभर फोटो काढले. अस्सल शेतकरी आज कुठे बघायला मिळतो, असं बाई म्हणाल्या. पुरस्कार तेगल लेसुंगलाच मिळाला.

पान सद्री रिकामी काठी घेऊन घरी आला. खुराड्याचं दार उघडंच होतं, ते त्याने लावलं, मग पुन्हा उघडलं. मेन सद्रीने पान वाढलं, त्याने ते सरकवलं.

“आचारी आता सुरीला धार लावत असेल,” तो म्हणाला.

मेन सद्रीच्या तोंडाशी चांगलं उत्तर आलं होतं. पण त्याच्याकडे बघून तिने ते आवरलं आणि सरकवलेलं पान पुन्हा त्याच्यापुढे ठेवलं.

सकाळी सुदाना अंगणात उभा. पागोटं नाही, चष्मा नाही, डोळे तांबारलेले. झेंडा त्याने आपल्या घरी नेला होता, तेव्हा बदकंही त्याच्या घरी गेली होती. त्यांनी कुलदेवतांच्या देव्हाऱ्याभोवती मुक्काम केला, नैवेद्य फस्त केला आणि तीर्थ शिंपडावं तसे सगळीकडे घाणीचे शिंतोडे उडवून ठेवले. बायकोने त्याला झेंड्यासकट बाहेर काढलं होतं. आचाऱ्याने सुरी काढली होती, पण परीक्षकांनी पुरस्कारच ‘बदकांची परंपरा जपल्याबद्दल’ दिला होता. आता ती परंपरा तळून कशी वाढणार?

“बापा, घेऊन जा ती.”

“कोणती?”

“बदकं.”

“तुझी बदकं मी कशी नेऊ? चोर म्हणतील लोक.”

“बापा, पाया पडतो. तुमचीच आहेत ती.”

“मोठ्याने बोल. हिला उखळापुढे ऐकू येत नाही.”

“तुमची आहेत!” सुदाना ओरडला. शेजारच्या अंगणातून कुणीतरी खो खो हसलं.

“आणि रस्त्याखालची खाचरं?”

“तीही घ्या.”

“आणि ते फडकं?”

सुदानाने बांबूवरचं फडकं सोडून मुकाट्याने त्याच्या हातात दिलं. मेन सद्रीने ते मधल्यामध्ये घेतलं आणि उखळ पुसायला वापरलं.

पान सद्री आपली काठी खांद्यावर टाकून सुदानाच्या घरी गेला. बदकांनी माना वर केल्या, आणि जणू मधे काही घडलंच नाही अशी रांगेला लागली. तो सबंध वाटभर त्यांना शिव्या देत होता आणि प्रत्येक बांधावर थांबून मागून सगळी येताहेत ना ते बघत होता. रस्त्याखालच्या पहिल्या खाचरात त्याने झेंडा रोवला. बदकं दाण्यावर तुटून पडली तेव्हा तो घरी येऊन कॉफी घेऊन बसला.

सुदानाने पाहुण्यांसाठी आता नारिंगी छत्री घेतली होती. पण छापलेली पत्रकं थोडीच बदलली होती? बस आली, पाहुणे उतरले, पत्रक वाचलं, इकडे तिकडे पाहिलं आणि बूट हातात घेऊन चिखलात शिरले. वर रस्त्यावर सुदाना छत्री नाचवत घसा फोडत होता, त्याच्याकडे कुणी बघेना. सगळे झेंड्याभोवती गोळा होऊन शांतपणे वाट बघत उभे राहिले.

मेन सद्रीने मुसळ थांबवून कुंपणावरून पाहिलं.

“सद्रीच्या बापा, झेंड्याखाली कोण जमलंय?”

“बदकं.”

“ती उंच उंच दिसतात ती?”

“तीसुद्धा.”

“अरे, माणसं आहेत ती. दोन पायांची.”

“मग बदकांना किती असतात?” पान सद्रीने कॉफीवर फुंकर घातली. “उभी राहू देत. ऊन उतरलं की आणतो सगळ्यांनाच हाकून.”